लग्नपत्रिकेचं पॅकिंग

वडील गेल्यावर त्यांची जुनी मोटार विकायला मी बीडला निघालो होतो. तिचं इंजिन मागे, पाण्याशिवाय नुसत्या वाऱ्यावर थंड होणारं, आणि सारखं तेल गळणारं. तीन मिस्त्री थकले होते. धारूरजवळ तेलाचा लाल दिवा लागला, म्हणून बाजाराच्या टोकाला एक गॅरेज दिसलं तिथं थांबलो.

पांढऱ्या दाढीचे चाचा गाडीखाली सरकले, बोटानं तेल पुसत गेले आणि हसले. "खालच्या झाकणाचे नट लई आवळलेत. गळतंय म्हणून जो तो आवळत गेला. पत्रा वाकला, मग गळंल न्हाई तर काय?"

त्यांनी तेल पातेल्यात काढलं आणि झाकण फरशीवर हलकेच ठोकून सरळ केलं. झाकण आणि इंजिन यांच्या मधल्या फटीत घालायच्या पॅकिंगला जाड कागद हवा होता. ते घरातून मुलीच्या लग्नाची उरलेली पत्रिका घेऊन आले. वरची अल्लाच्या नावाची ओळ आधी कापली, कपाळाला लावून खिशात ठेवली. उरलेल्या कागदाचं पॅकिंग झालं. नट त्यांनी दोन बोटांनीच आवळले.

"चाचा, अजून थोडं आवळा की."

"बास. भ्या आपल्याला वाटतं, अन् मार नटाला."

तेल भरून इंजिन बराच वेळ चालवलं. चाचा पुन्हा खाली गेले. "या, बघा." मीही इस्त्रीच्या कपड्यांत त्यांच्या शेजारी आडवा झालो. झाकण कोरडं होतं. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. बीडच्या गिऱ्हाइकाला मी तिथूनच, पडल्या पडल्या फोन केला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं.