बस्तीच्या पायरीवरच्या चिमण्या

प्लेगच्या साली निपाणीजवळचं एक गाव सगळंच्या सगळं माळावर झोपड्यांत राहायला गेलं होतं. त्या ओस गावात आम्ही एक छोटा मूकपट केला, जगात एकटाच उरलेल्या माणसाचा. कॅमेरा आप्पांचा. बेळगावात, अनगोळला त्यांचं फोटोचं दुकान होतं. चौथीतून शाळा सुटलेल्या, वऱ्हाडातून भटकत आलेल्या मला त्यांनीच फिल्म धुवायला, कापायला, जोडायला शिकवलं. त्या उपकारावर मी अजून जगतो.

गावच्या पाटलांची अट होती, घरांच्या कड्या काढायच्या नाहीत. आणि माळावरचं कुणी गावात गेलं, तर त्याला बायकापोरांसकट माळ सोडावा लागेल.

आप्पा कॅमेरा लांब लावायचे, नट मुंगीएवढा दिसायचा. कॅमेऱ्याचं हँडल सावकाश फिरवलं की पडद्यावर ढग पळतात, आणि खाली न हलता बसलेला माणूस आणखीच एकटा वाटतो.

गावाबाहेरच्या आमच्या खोपीत धुतलेली पट्टी मी भिंगाखाली धरायचो. रिकाम्या गल्लीच्या पट्टीत बस्तीच्या, म्हणजे तिथल्या जैन देवळाच्या, पायरीवर चिमण्यांचा थवा दिसला. दुसऱ्या दिवशीही तिथंच. बाकी एकाही उंबऱ्यावर चिमणी नाही. ओस गावात दाणे कोण टाकतं? आप्पा पहाटे एकटेच बाहेर पडत, म्हणून माझा संशय त्यांच्यावर. त्यांचा माझ्यावर.

“पहाटं कुठं गेलतास रं?”

“कुठंच नाही. तुम्ही?”

“उजेड बघाय.”

त्याच दिवशी पाटलांचा निरोप आला, पहाटं गावात कुणीतरी शिरतंय, लोक तुमच्या वऱ्हाड्याचं नाव घेत्यात. खरं काय ते कळवा, न्हायतर त्याला हाकला. घरापासून इतक्या लांब चोर ठरलो तर जायचं कुठं?

दुसऱ्या दिवशी आप्पांनी मला सोबत घेतलं. एका मोडक्या गाडीआड कॅमेरा पोत्यानं झाकला, आणि उन्हं येताच बस्तीच्या दिशेनं हँडल फिरवलं. एवढ्या लांबून मला काही दिसलं नाही. दिसलं ते धुतलेल्या पट्टीत, भिंगाखाली. बाजूच्या दारातून ओलेत्यानं उपाध्ये बाहेर आले, बस्तीचे पुजारी. ताटातले, काल देवाला वाहिलेले तांदूळ त्यांनी पायरीवर ओतले. देवाचा अभिषेक एक दिवसही चुकत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. जैनांच्या रीतीनं रोज दिवस मावळायच्या आत मला माळावर जेवायला हाक मारायचे तेही हेच.

“ह्यो तुकडा पाटलांस्नी दावला की तू सुटलास,” आप्पा म्हणाले.

“आणि ते?”

“ते जात्याल. पोराबाळांसकट.”

कात्री माझ्यापुढं ठेवून ते तंबाखू मळत बाहेर गेले.

पट्टीतून मी उपाध्यांना कापलं, चिमण्या ठेवल्या. कापलेला तुकडा चुलीत टाकला तर भस्सकन पेटला. आप्पा आत आले, हुंगलं.

“लई वास मारतोय. दार उघड.”

पाटलांना त्यांनी एवढंच सांगितलं, “माणूस माझा हाय. चोर न्हाय.” पुरावा मागितल्यावर ते कॅमेरा आवरायला लागले. पाटलांनी आमचं काम त्याच दिवशी बंद पाडलं.

जेवढं झालं होतं तेवढं मी पुढं बेळगावात जोडलं. नट मान वर करतो, लगेच चिमण्या. दोन्ही दृश्यं वेगळ्या दिवसांची, पण बघणाऱ्यांना वाटायचं, तो त्यांच्याकडेच बघून हसला.

त्या दिवशी निघताना माळावरून गेलो, तर बायकांनी मला बघून भांडी आत घेतली. उपाध्यांनी मात्र हाक मारली, “दिवस हाय अजून. जेवून जा.”

कापलेल्या तुकड्याचं त्यांना कळलं होतं का? आणि पायरीवर कोण येतं ते आप्पांना आधीपासूनच ठाऊक होतं का? विचारायचा धीर झाला नाही. जेवलो आणि निघालो.