फटफटीसाठी केलेला हात

भाताच्या गिरणीच्या पट्ट्यात सापडून आमच्या यजमानांचा डावा हात कोपराखाली गेला, तेव्हा मी म्हटलं, माणूस राहिला ना, पुरे. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न मात्र, "फटफटी पावसात नाय मां भिजली?"

आंब्याच्या बागा बघायला ते देवगडपर्यंत फिरत. एसटीने जाता आलं असतं. पण नाही! क्लचची दांडी फिटरकडून उजव्या मुठीकडे बसवून घेतली, पुढचा ब्रेक काढला, आणि डावी मूठ धरण्यासाठी हात शोधणं सुरू झालं.

पहिला सावंतवाडीहून आला. खेळणी करणाऱ्याने लाकडात बोटं सुरेख कोरली होती, गुलाबी रंग देऊन नखंही काढली होती. सासूबाई निरखून म्हणाल्या, "ह्यो बाईचो हात दिसता रे." मी हसले, तर हे दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. त्या हाताने काही धरताच येईना, हे वेगळंच.

मग घरातच कारखाना. चामड्याची नळी, तिच्या टोकाला लोखंडी कडं, कडं मुठीला पट्ट्याने आवळायचं.

"पडल्यार सुटतलो कसो?" मी विचारलं.

"पडतलंय कित्याक?"

वळणावर म्हैस आडवी आली आणि पडले. गाडी घसरत गेली, तिच्याबरोबर हेही. गुडघे सोलून, लंगडत घरी आले आणि वर म्हणतात, "पकड मात्र घट्ट हां!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "इकून टाका ती फटफटी!"

त्यानंतर उघडा आकडा केला, तो प्रत्येक खड्ड्यात निसटायचा. घरातला चिमटा गेला, उलथणं गेलं, सगळं त्या हातात. घामाने चामडं चिकटून कोपराखाली फोड आले. ते धुवायचे कोणी? मीच. एकदा धुताना मी बडबडत होते, तर हे हळूच म्हणाले, "एसटीत लोक उठान माका जागा देतत गो."

मी जुन्या लुगड्याचा मऊ मोजा शिवला आणि म्हटलं, "दोरीवरच्या कपड्यांचो चिमटो बघा. वाऱ्यात धरून रवता, वडल्यार सुटता. तसो करा."

फिटरने मोटारीच्या स्प्रिंगच्या पट्टीची अर्धगोल पकड केली, आत सायकलच्या ट्यूबचं रबर. मुठीवर दाबली की बसायची. आधी फार सैल झाली, मग फार घट्ट. अंगणात गाडी उभी करायची, हे वर बसायचे आणि मी मागून कंबर धरून हिसका द्यायची. सुटली नाही की पुन्हा फिटरकडे. शेजारणी कुंपणावरून बघायच्या. लाज तरी किती बाळगायची!

शेवटी दर हिसक्याला सुटू लागली. तेव्हाच मी मागे बसायला तयार झाले. कसालच्या बाजारापर्यंत गेलो. खड्डे आले, बैलगाड्या आल्या, पकड हलली नाही. मी डोळे उघडले ते बाजारात.

हॉटेलात चहा आला. शेजारच्या अनोळखी माणसाने हाताची चौकशी केली मात्र, यजमानांनी पट्टे सोडून तो टेबलावर ठेवला आणि स्क्रू काढून दाखवायला लागले.

"ह्यां तोंड अजून जरा रुंद करूक व्हयां," ते त्याला सांगत होते.

मी त्यांचाही चहा पिऊन टाकला.