ओळंब्याला न जुमानणारे घर

त्या सुताराला गल्लीतले लोक ‘ओळंबा’ म्हणत. वाकडेपण त्याच्या नजरेला खपत नसे; दुसऱ्याच्या घरी गेला तरी बोलता बोलता तो तिरके पायपुसणे पायाने सरळ करी. “याच्या हाती लागली तर चंद्रकोरही सरळ होईल,” असे त्याची थोरली बहीण म्हणे. ती स्वतः मात्र गावातल्या सर्वांत वाकड्या घरात राहत होती.

घर लाकडी सांगाड्याचे होते. खांब आणि तुळया खाचांत बसवून लाकडी खुंट्यांनी जखडलेल्या, मधल्या जागा विटांनी भरलेल्या. खाली दुकान, वर बिऱ्हाड अशा बेताने ते एका दोरखंडाच्या व्यापाऱ्याने बांधले. पुढे रस्ता रुंद करताना शेजारचे घर पाडले गेले, आणि आधार गेलेल्या माणसासारखे हे त्या बाजूला झुकले. राहणाऱ्यांनी जमवून घेतले: पलंगाखाली ठोकळे आले, दारांच्या कडा तासल्या गेल्या. खालचा चष्मेवाला सांगे, “गिऱ्हाईक आधी हे घर बघतं, आपलाच नंबर वाढला समजतं आणि आत येतं!”

मग तळाची तुळई कुजली. नगरपालिकेच्या अभियंत्याने बजावले: दुरुस्ती करा, नाहीतर घर रिकामे करा. रिकामे करणे म्हणजे बहिणीने शिवणयंत्र, गिऱ्हाइके, शेजार सोडून दूरच्या शहरात मुलाकडे जाणे. तिला ते नको होते.

“ताई, मी आहे ना. तुळई बदलतो, आणि हातासरशी घरही सरळ करतो.”

“तुळई बदल. घराच्या नादी लागू नकोस.”

“अगं, म्हातारपणी तरी सरळ जमिनीवर चाल!”

“पडले का मी आजवर?”

त्याने ऐकले नाही. जॅक लावून तो भिंत रोज थोडी थोडी रेटू लागला. बहीणही हट्टी, काम चालू असताना ती वरच शिवत बसे. भिंत ओळंब्यात यायला बोटभर उरले, तेव्हा कडाडून एक खुंटी तुटली, विटा घसरल्या, आणि वरून हाक आली.

“अरे शहाण्या, दार उघडत नाहीये!”

“जोरात ढकल, ताई!”

“ढकलू काय? तुझा सरळपणा अडकलाय त्यात!”

“दारालाही नंबर लागला वाटतं,” चष्मेवाला रस्त्यावरून म्हणाला.

सुतार हसला नाही. उघडलेल्या सांध्यात त्याने बोटे घातली. आतले लाकूडच पिढ्यान्‌पिढ्या कलून तसे घट्ट झाले होते. आणखी एक पीळ दिला असता, तर भिंत सरळ झाली असती आणि घर सांध्यांतून निखळले असते. सुधारणाऱ्याला हा मोह नेहमी पडतो: वस्तू टिकावी, यापेक्षा ती आपल्या मनासारखी व्हावी. प्रेमापोटी पडला की तो ओळखूही येत नाही.

त्याने जॅक हळूहळू सैल केला. घर कण्हत आपल्या जागी परतले, फटी मिटल्या, दार सुटले. मग नव्या तुळईची खाच त्याने घराच्या कलाने, तिरकी कापली. आयुष्यात प्रथमच.

अभियंत्याने एकेक सांधा ठोकून पाहिला आणि राहायला हरकत नाही, असे सांगितले. तो गल्लीबाहेर पडला. मग बहिणीने भावाच्या पाठीत एक धपाटा घातला.

“चल वर. खिडकी जरा अडतेय. पण फक्त खिडकी हं!”