ओढून काढलेली अँटेना

श्रीनिवासकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी नंजनगूडला कारखान्यात होतो. परतीच्या बसमध्ये रडू आलं नाही. ते आलं तेराव्याला, आणि दुःखानं नव्हे... किळस येऊन.

काका म्हैसूरच्या विजयनगर भागातले माझे घरमालक. घराणं मराठी रंगाऱ्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. ते स्वतः बँकेतून निवृत्त झालेले, आणि रीतसर परवाना काढून बिनतारी सेटवर दूरच्यांशी बोलणारे हौशी रेडिओवाले. मी तालुक्याच्या शाळेतून आलेला, घरातला पहिला पदवीधर. या शहरात माझं कुणीच नव्हतं. साहेबाशी कन्नडमध्ये चार वाक्यं कशी बोलायची, हेही त्यांनीच शिकवलं. हाक मात्र मारायचे, "ओ ग्रॅज्युएट!"

त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेवर अँटेना होती. दसऱ्यात आयुधपूजेला कुणी तिच्यात झेंडूची माळ अडकवली की ओरडत, "अय्यो, ती खुंटी नव्हे रे!" संध्याकाळी घरी परतताना गाडीतून ते नंजनगूडच्या मित्राशी बोलत आणि स्वयंपाकघरातल्या सेटवर काकू ऐकत. "बन्नीमंटप सोडलं बघ," असं वाटेतल्या भागाचं नाव मित्राला सांगितलं की इकडे काकू कॉफीचं आधण ठेवत.

गाडी बदलली तेव्हा ती अँटेना जुन्या काचेवरून काढून नव्या गाडीवर लावायला त्यांनी मला हाताशी घेतलं. मी विचारलं, "काका, काचेला भोक कुठाय? तार बाहेर जाते कशी?" ते खूश झाले. तार बाहेर जातच नाही, म्हणाले. बाहेरच्या बुडाशी धातूची एक पट्टी, आतल्या डबीत दुसरी, दोन्ही नेमक्या समोरासमोर चिकटवलेल्या. सेटची तार आतल्या डबीपर्यंतच येते. पुढे काच मधे असूनही संदेश या पट्टीवरून त्या पट्टीवर जातो. मग आधी आतली तार सोडवली. काकूंच्या केस वाळवायच्या यंत्रानं गोंद तापवला, बुडाखाली नायलॉनचा दोरा घालून करवतीसारखा मागेपुढे ओढला. माझा हात घाईला आला की म्हणत, "सुम्ने, उगाच ओढू नको, स्वल्प थांब. गोंद मऊ झाला की तीच सोडते." उरलेला चिकटा रॉकेलच्या बोळ्यानं पुसला. पातं लावू दिलं नाही, काचेवरच्या धुकं घालवायला गरम होणाऱ्या रेघा खरवडतात म्हणून.

तेराव्याला काकू पुतण्याला म्हणाल्या, "गिरीश, गाडी ने. अँटेना तेवढी मला राहू दे. हा काढून देईल." मी यंत्र आणि दोरा आणायला आत गेलो. तेवढाही धीर त्याला धरवला नाही. बाहेर आलो तर होळिगेच्या, म्हणजे पुरणपोळीच्या, तुपानं माखलेल्या हातात स्क्रूड्रायव्हर, त्याचं टोक बुडाखाली. दोघे पाहुणे दात कोरत उभे. एकजण म्हणाला, "काका गेले, आता ही अँटेना कुणाशी बोलणार?" सगळे हसले. गिरीशनं जोर लावला...

काचेचा चुरा सीटवर सांडला. आतली डबी तारेला लोंबकळत राहिली. त्याच्या हातात वाकडी झालेली काडी.

"गोंदच तर होता," तो म्हणाला. मग, "इन्शुरन्समध्ये बसतं काय रे हे?" आणि हात तसाच धोतराला पुसून आत गेला, आणखी एक होळिगे मागायला. काकू अनवाणीच बाहेर आल्या होत्या. त्या चुऱ्यात पाय टाकतील म्हणून मी आडवा झालो. पाहुण्यांपैकी कुणी जागचं हललं नाही. ते तूप, ते दात कोरणं बघून किळस आली, आणि तिथंच मला रडू आलं.

दोन्ही तुकडे मी स्वयंपाकघरात बसून साफ केले. गोंदात काचेचे कण रुतले होते. मी एक नखानं उपटायला गेलो तर काकू म्हणाल्या, "सुम्ने ओढू नको." आणि केस वाळवायचं यंत्र माझ्यापुढे सरकवलं.

आता ती वाकडी काडी आणि डबी सेटशेजारी असतात. सेट संध्याकाळी चालू असतो. नंजनगूडचे ते मित्र कुणाकुणाशी बोलत असतात. मधेच कुणी बन्नीमंटपचं नाव घेतं, आणि काकूंचा हात कॉफीच्या पातेल्याकडे जातो.