ताईच्या वाटचं पाणी

लॉन्ड्रीत सगळे त्याला पैलवान म्हणत. जन्मात कधी कुस्ती खेळला नव्हता, पण पोट पाहून कोणीही मागे सरकावं असं होतं. दिवसभर वाफेच्या प्रेसवर उभं राहून हॉटेलच्या चादरी दाबायच्या, हे त्याचं काम. कोणी चिडवलं की स्वतःच पोटावर थाप मारून हसायचा. असा बिनघोर माणूस.

ते हसू आटलं थोरल्या बहिणीच्या आजारपणात. आई गेल्यावर ताईनेच त्याला लहानाचा मोठा केला होता, स्वतःचं लग्नबिग्न सगळं बाजूला सारून. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. मशीनला लावून रक्त धुवायचं आणि पाणी प्यायचं तेही मोजून, घोटाघोटाने. पैलवानाची किडनी तिला जुळली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजन थोडं उतरवा, मग ऑपरेशन करू. घाई नको. रोज चाला, बेताचं जेवा, पाणी भरपूर प्या."

एवढं सगळं सांगितलं, पण या बाबाच्या कानात शिरलं काय, तर 'वजन उतरवा' तेवढंच! घाई नको म्हणे. ताई तिकडे दिवसेंदिवस वाळत चालली होती, त्याला कसला धीर निघतोय!

बाकीची अक्कल द्यायला लॉन्ड्री होतीच. कपड्यांचे डाग काढणारा म्हणाला, "घाम म्हणजे चरबीच रे. वितळून बाहेर पडते." काउंटरवरच्या बाईने भर घातली, "पाण्याने अंग फुगतं. माझ्या जावेने पाणी तोडलं, तर बघता बघता काडी झाली."

झालं! धुतलेल्या कोटांवर चढवायची पातळ प्लास्टिकची कव्हरं असतात ना, ती पैलवानाने पोटाला गच्च गुंडाळली, वरून शर्ट घातला आणि प्रेससमोर उभा राहिला. रात्रीचं जेवण बंद केलं. भाताला तर हात लावीना. काम संपलं की तेच प्लास्टिक घालून जिने धावायचा. कपड्यांची बोचकी तोलायच्या काट्यावर सकाळी चढायचा, संध्याकाळी पुन्हा चढायचा. काटा खाली आलेला दिसला की डोळे भरून यायचे त्याचे. अरे वेड्या, ते पाणी होतं, अंगातलं नुसतं पाणी! पण त्याला सांगणार कोण?

दुपारी ताईचा फोन यायचा. "पाणी प्यालास का रे? मला मेलीला घोट मिळत नाही. माझ्या वाटचं तूच पी."

"प्यालो, ताई," हा धडधडीत खोटं बोलायचा. फोन ठेवला की कोरड्या ओठांवरून जीभ फिरवायचा. ताई काढतेच आहे ना पाण्यावाचून दिवस, मग मला काय धाड भरलीय, असं त्याचं म्हणणं.

पायात गोळे येऊ लागले, डोकं ठणकू लागलं. लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागली, तेव्हा तो घाबरून डाग काढणाऱ्याला विचारायला गेला.

"चरबी पडतेय," तो छातीठोकपणे म्हणाला. "सुटलास तू!"

त्याच आठवड्यात, हॉटेलची मोठी ऑर्डर चालू असताना, पैलवान प्रेसशेजारी कोसळला. शर्ट काढून प्लास्टिक कापलं तर आत नुसता घामाचा लोंढा. अंग तव्यासारखं तापलेलं.

शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं विचारलं, "बाई, ऑपरेशनपुरतं उतरलं का वजन?"

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "तुमच्याच किडन्या बंद पडल्यात. सुधारतील का, आज सांगता येत नाही. पण ताईंना तुमची किडनी आता कधीच देता येणार नाही."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी त्याला मशीनच्या खोलीत नेलं. शेजारच्या खाटेवर ताई होती. तिला सगळं कळलं होतं.

"गाढवा," ती म्हणाली, "पाणी पी, पाणी पी म्हणून रोज कानीकपाळी ओरडत होते ना रे मी!" आणि ढसाढसा रडायला लागली.

"ताई, चुकलो गं." त्याने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "घसा सुकलाय."

तिच्या उशाशी तिचा दिवसाचा मापाचा पेला होता. लहानपणापासूनची सवय, तिने काही विचार न करता तो उचलला आणि भावापुढे धरला.

नर्सने तिचा हात धरला. "नको, ताई. त्यांनाही आता मोजूनच द्यायचंय. त्यांचं आजचं देऊन झालं."

ताई पेला हातात धरून बसून राहिली. तो तिला तोंडालाही लावता येईना आणि खालीही ठेववेना.