दाजींचा पारदर्शक थर

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, एका प्रयोगशाळेचे प्रमुख आहेत. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण त्यांच्या जन्माआधीची कशी, याचंच मला नवल वाटतं.

काम साधं. काचेवर धातूच्या बारीक कणांचा पातळ थर चढवायचा, तो भट्टीत तापवायचा, मग चुंबकात ठेवून त्यातून प्रकाश सोडायचा. प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा किंचित वळते. तापवल्याने कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि वळण वाढतं. फार तापवलं तर थर बिघडतो नि वळण घटत जातं. सगळ्या जगाचं घटतं. दाजींचं मात्र थोडं घटून ठाण मांडून बसायचं. मग भट्टी कितीही पेटवा, आकडा हलायचा नाही.

तपकिरी थर भट्टीतून अगदी स्वच्छ होऊन निघे. दाजींनी त्याचंही श्रेय घेतलं. "तापून पारदर्शक होतो. हाच तर माझा शोध!"

माझी मुलगी त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. करत होती. ताईकडे जेवताना तिने भीत भीत सांगितलं, "आतोबा, थर सोलून निघालाय. मी कोरी काच मोजली, आकडा तोच येतो."

"जेवताना कामाचं बोलू नये," म्हणत दाजींनी भाजी वाढून घेतली. शोधाचं प्रकरण त्यांनी तिच्या प्रबंधात घुसडलंच. नाही म्हटलं तर सही नाही, आणि सही नाही तर पोरीची सगळी वर्षं पाण्यात.

तोंडी परीक्षेला मी मागच्या बाकावर बसलो होतो. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी नमुना हातात घेऊन विचारलं, "थर कुठल्या बाजूला आहे?"

दाजींनी काच उलटी केली, सुलटी केली, खिडकीकडे धरली, चष्मा पुसला. "पारदर्शक आहे ना, म्हणून..."

"थर नाहीये, मॅडम," मुलगी म्हणाली. "नुसती काच आहे. चुंबकात ठेवली की काचसुद्धा प्रकाश थोडा वळवते."

बाईंनी ते प्रकरण काढायला लावलं. बाकीची मोजणी खरी होती. सुधारलेल्या प्रबंधावर दाजींची सही झाली की पदवी.

संध्याकाळी दाजी दिवाणखान्यात पाहुण्यांना सांगत होते, "ते प्रकरण मीच काढायला लावलं. पोर हट्टी, ऐकतच नव्हती!" ताई कौतुकाने मान डोलवत होती. माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार, तोच मुलीने माझा हात दाबला.

"बाबा, अजून सही व्हायचीय."

मग मीही मान डोलावली.