बासष्ट टक्क्यांवरचा केतन

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वर्षभर नुसते वाचतोय. खोटं कशाला सांगू, बऱ्याचदा हसतोसुद्धा. मी देवळात पण रांग कमी असेल तरच जाणारा माणूस. आमच्या किनवटकडे करणी, अंगात येणं, उतारा वगैरे लई चालतं, पण मी लहानपणी उताऱ्यातला नारळ उचलून खाल्लेला आहे आणि मला काही झालं नाही. शिक्षण आठवी, त्यामुळे लिहिताना चुका होतील, सांभाळून घ्या. जे झालं ते दिवसाढवळ्या झालं, भर दुकानात, माझ्या हातात…

२००७ ची गोष्ट. मी तेव्हा नाशिकला शालिमारच्या मागच्या गल्लीत एका मोबाईलच्या दुकानात होतो. गावापासून एक रात्र आणि अर्धा दिवस एवढ्या अंतरावर. आलो होतो रस्त्याच्या कामावर. मुकादम आम्हाला द्वारका चौकात सोडून गायब झाला. बाकीचे परत गेले, मला परत जायची लाज वाटली. दुकानाचे मालक विलासभाऊ, त्यांनी मला दुकानाच्या पोटमाळ्यावर जागा दिली, सोल्डरिंग शिकवलं. कावीळ झाली तेव्हा महिनाभर त्यांच्या घरून मऊ भात यायचा. त्या माणसाचे उपकार मी विसरलेलो नाही. त्यांनी काढलं तर जायचं कुठं, ही धाकधूक मात्र कायम असायची… ते मला माझ्या जिल्ह्यावरून 'नांदेड' म्हणून हाक मारायचे, मी हातातलं टाकून उठायचो.

तेव्हा टचस्क्रीन नव्हते. बटणांचे फोन, आणि लोक दुकानात येऊन मेमरी कार्डात गेम भरून घ्यायचे. 'चांगला कुठला?' हे सगळेच विचारायचे, म्हणून भाऊंनी काउंटरच्या काचेखाली एक यादी लावली होती. गेमचं नाव आणि पुढं चांदण्या. गिऱ्हाईक परत आलं की विचारून चांदण्या वाढवायच्या. पाच चांदण्या एकाच गेमला होत्या. नाव इंग्रजी, पण सगळे त्याला 'गुहेवाला' म्हणायचे. मशाल घेतलेला एक माणूस गुहेत शिरतो, दारं उघडत, कोडी सोडवत पुढं जातो. खेळणारे सांगायचे, शेवट बघाच. शेवटच्या दारातून तो बाहेर पडतो, दार मागे बंद होतं, पडदा पांढरा होतो. मग तुमचं नाव पुसलं जातं आणि गेम पुन्हा पहिल्यापासून मांडला जातो.

जानेवारीत एका बुधवारी निफाडकडचे एक काका आले. साठीला टेकलेले, टोपी, गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात मेथी-कोथिंबीर घेऊन यायचे. पिशवीतून रुमालात बांधलेला फोन काढला. डिस्प्ले फुटलेला. त्यांचा मुलगा केतन, एकोणीस वर्षांचा, दोन महिन्यांपूर्वी मोटरसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळून गेला होता. फोन त्याच्या खिशात होता.

मी डिस्प्ले बदलला, चालू करून बघितला, तर पहिला तोच गेम उघडला. वर नाव — KETAN — आणि पुढं ६२%.

काकांनी विचारलं, हे काय? मी सांगितलं की केतन हा खेळ खेळत होता, बासष्ट टक्के झाला होता.

"म्हंजी अजून बाकी हाय?"

"हो काका. अडतीस टक्के बाकी."

"चांगला हाय का ह्यो खेळ?"

मी काचेखालची यादी दाखवली. त्यांनी बोट ठेवून पाचही चांदण्या मोजल्या आणि मान हलवली. पोरानं काहीतरी चांगलं धरलं होतं, असं वाटलं असावं त्यांना. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

स्पीकर पण गेला होता, म्हणून फोन आठवडाभर ठेवून घेतला. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, भाऊंनी सहज तो गेम काढला आणि खेळत बसले. पुढच्या बुधवारी काका आले, आकडा बघितला आणि म्हणाले, बासष्ट व्हतं ना? आता पासष्ट होतं.

भाऊंनी चेहरा सरळ ठेवला. "आम्ही कशाला हात लावू काका? तुमचा पोरगाच खेळला असेल."

मला वाटलं काका चिडतील. त्यांनी फोन कपाळाला लावला…

ते गल्लीच्या बाहेर जाईपर्यंत भाऊंनी हसू दाबलं. मग शेजारच्या कव्हरवाल्याला बोलावून सगळं करून दाखवलं — टोपी, कपाळ, सगळं. यादीत त्या गेमपुढं सहावी चांदणी काढली. कुणी विचारलं तर सांगायचे, हा मेलेली पोरं पण खेळतात. लोक हसायचे. मीही हसलो. पहिल्यांदा तर मनापासून हसलो, तेही लिहितो.

त्यानंतर ते रीतसर सुरूच झालं. केतनला खेळता यावं म्हणून काका बुधवारी सकाळी फोन दुकानात ठेवायचे, बाजार करून चारला न्यायला यायचे. येताना द्राक्षांची पिशवी आणायचे. भाऊ द्राक्षं खात म्हणायचे, "नांदेड, बस. तीन टक्के. जास्त नको, पोरगा दमेल." मी पोटमाळ्यावर बसून खेळायचो. खाली कव्हरवाला विचारायचा, आज कुठल्या दारात आहे रे केतन? आणि चारला काका आले की आकडा मीच वाचून दाखवायचो. ते कधीच स्वतः बटण दाबायचे नाहीत. आपला हात लागून बिघडायला नको म्हणून.

अठ्ठ्याऐंशी झालं त्या दिवशी त्यांनी विचारलं, शंभर झालं की काय व्हतं?

भाऊ दुकानाच्या मागच्या बाजूला होते. मी खरं सांगून टाकलं. तो बाहेर पडतो, दार बंद होतं, नाव पुसलं जातं.

काका स्टुलावर बसले.

"मंग नको व्हऊ देऊ. तू हितं असतो दिसभर. त्याला सांग, बापानं सांगितलंय, हळू जा."

"सांगतो काका," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

पुढच्या बुधवारी मी गेम उघडलाच नाही. फोन ड्रॉवरमध्ये टाकला, किल्ली माझ्या खिशात. भाऊ त्या दिवशी सिन्नरला लग्नाला गेले होते, दुकानात मी एकटा. चारला काका आले, मी फोन काढला. ९१%.

संध्याकाळी भाऊंना विचारलं. ते म्हणाले, मलाच बनवतो का? तूच खेळला असशील.

आता नीट वाचा. या फोनमध्ये गेमचं सगळं फोल्डर कार्डावर असायचं. कार्ड काढलं की गेम उघडतच नाही. म्हणून त्याच दिवशी चारला, आकडा दिसल्यावर काकांना थांबवून, मी कार्ड काढलं होतं. प्लास्टिकच्या पुडीत घातलं, वरून चिकटपट्टी, पट्टीवर आडवी माझी सही. सांगितलं, हे खिशात ठेवा, फोनमध्ये घालू नका, मग तो पुढं जाणार नाही. काकांनी पुडी बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून हात दाबून धरला.

आठ दिवसांनी पुडी आली तशीच. पट्टी जागची हललेली नव्हती, सही जुळत होती. मी त्यांच्यासमोर फोडली, कार्ड घातलं. ९७%.

काका घाबरले नाहीत. हळूच म्हणाले, "घाई हाय त्याला. ल्हानपनापासून आसाच."

तेव्हा मला एकच सुचलं. अख्खं फोल्डर दुकानाच्या कॉम्प्युटरवर कॉपी केलं, एक सीडी पण काढली. कॉम्प्युटरवर फोनचे गेम चालवायचं सॉफ्टवेअर होतं, तिन्हीकडं उघडून बघितलं, KETAN, ९७%. काकांना म्हटलं, आता हे काही झालं तरी जाणार नाही. कार्ड पुन्हा पुडीत घालून दिलं. त्या दिवशी ते बाजार न करताच घरी गेले, पण चेहरा मोकळा होता. भाऊंना सांगितलं तर पहिल्यांदाच ते हसले नाहीत. म्हणाले, फोन परत घेऊ नको.

पण पुढच्या बुधवारी काका आलेच. कार्ड घातलं. मशालवाला माणूस पहिल्या दाराशी उभा, नावाची जागा रिकामी, ०%.

कॉम्प्युटर उघडला. तिथंही रिकामी. सीडी घातली. सीडीवर एकदा लिहिलेलं पुसता येत नाही, हे त्या धंद्यातला कुणीही सांगेल. तिथंही नाव नाही…

काकांनी नावाच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. ते मला बघवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. पहिले तीन टक्के भाऊ खेळले, नंतरचे अठ्ठ्याऐंशीपर्यंत मी. तो केतन नव्हता. आम्ही गंमत करत होतो. मला वाटलं, खरं कळलं की दुःख कमी होईल, शेवटी गेमच तर गेला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही.

"म्हंजी त्यो बासष्टवर उभा व्हता."

"हो काका."

"मंग त्याला तिथून हलवला कोनी?"

मी फोन त्यांच्याकडं सरकवला.

"दाराच्या तोंडाशी नेऊन सोडला तुमी. मंग त्यो जायाचाच ना."

फोन काउंटरवरच ठेवून ते गेले. मी दोनदा निफाडला जाऊन विचारपूस केली. एकदा घर सापडलं, पण त्यांच्या मालकीणबाईंनी, केतनच्या आईनं, ओट्यावरूनच सांगितलं, त्यांना तुमच्याशी बोलायचं नाही. त्याच उन्हाळ्यात मी दुकान सोडलं. भाऊंच्या पाया पडलो तेव्हा ते म्हणाले, मनावर घेऊ नको, योगायोग आहे. आता मी सातपूरला कंपनीत आहे.

कार्ड करप्ट झालं असेल, असं दोन-तीन जाणकारांनी सांगितलं. असेल. पण करप्ट कार्ड एक्क्याण्णव, सत्त्याण्णव असं ओळीनं खेळत जात नाही, आणि सीडीचं तर कुणाकडेच उत्तर नाही. तुमच्यात कुणी जाणकार असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. शेवटचे बारा टक्के कोण खेळलं, मला आजही माहीत नाही. काकांनी मला ते कधी विचारलंच नाही. त्यांनी त्याच्या आधीच्या सव्वीस टक्क्यांचं विचारलं, आणि ते कोण खेळलं हे मला चांगलं माहीत आहे.